केंद्रित सौर औष्णिक उपकरणांतील प्रसरणाचे व्यवस्थापन : शिर्डी, लातूर आणि जोतिबा डोंगराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात, हे विधान शालेय अभ्यासक्रमातच शिकविले जाते. गोळा आणि कडे यांचा प्रयोग, रेल्वेच्या रुळांतील फटी, उन्हाळ्यात सैल पडणाऱ्या विजेच्या तारा ही त्याची परिचित उदाहरणे होत. परंतु या साध्या नियमाचा अभियांत्रिकीतील परिणाम किती मोठा असतो, याची जाणीव पाठ्यपुस्तकातील उदाहरणांवरून सहसा होत नाही. आरशांच्या साहाय्याने सूर्यकिरण एकवटून वाफ, उष्ण पाणी अथवा उष्ण तेल निर्माण करणाऱ्या केंद्रित सौर औष्णिक उपकरणांमध्ये हा नियम रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी आपले अस्तित्व जाणवून देतो.

महाराष्ट्रात या तंत्राचे दोन महत्त्वाचे प्रयोग झाले. शिर्डी येथील श्री साईबाबा संस्थानच्या प्रसादालयासाठी २००९ मध्ये सौर वाफेवर स्वयंपाक करणारी यंत्रणा उभारण्यात आली, तर लातूर येथील महानंद दुग्धालयात २००६ मध्ये दुधाच्या पाश्चरीकरणासाठी ‘अरुण’ ही मोठी सौर तबकडी बसविण्यात आली. या दोन यंत्रणांची रचना परस्परांहून मूलतः भिन्न असल्याने प्रसरणाचा प्रश्न दोन्हींत वेगवेगळ्या ठिकाणी उभा राहतो. प्रस्तुत लेखात प्रथम प्रसरणाचे गणित, त्यानंतर या दोन यंत्रणा व अधिक तापमानाची उपकरणे आणि अखेरीस जोतिबासारख्या डोंगरावरील यात्रास्थळी अशी यंत्रणा उभारावयाची झाल्यास कोणता विचार करावा लागेल, याचे विवेचन केले आहे. प्रसरण थांबविणे हे अभियंत्याचे काम नसून त्याला ठरलेली वाट देणे आणि ती वाट वर्षानुवर्षे मोकळी ठेवणे हे त्याचे काम आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. प्रसरणाचे आणि प्रतिबलाचे गणित

घन पदार्थाच्या लांबीतील वाढ ही मूळ लांबी, तापमानातील वाढ आणि त्या पदार्थाचा एकरेषीय प्रसरणांक या तिहींच्या गुणाकाराइतकी असते. व्यवहारात हा प्रसरणांक ‘१ मीटर लांबीस १०० अंश सेल्सिअस तापमानवाढीमागे किती मिलिमीटर’ अशा रूपात लक्षात ठेवणे सोयीचे ठरते. साध्या पोलादासाठी हा आकडा सुमारे १.२, स्टेनलेस पोलादासाठी सुमारे १.७, ॲल्युमिनिअमसाठी सुमारे २.३, खिडकीच्या साध्या काचेसाठी सुमारे ०.९ आणि बोरोसिलिकेट काचेसाठी केवळ ०.३३ इतका आहे.

साध्या पोलादाची ४० मीटर लांबीची वाफेची नळी २५ अंशांवरून १७५ अंशांपर्यंत तापली, तर तापमानवाढ १५० अंशांची होते. म्हणजे नळीची लांबी ४० × १.५ × १.२ = ७२ मिलिमीटरने वाढते. सुमारे ७ सेंटिमीटर ही वाढ ४० मीटरांच्या मानाने नगण्य वाटते. परंतु तिला वाट मिळाली नाही, तर काय होते हे पाहणे आवश्यक आहे.

नळीची दोन्ही टोके पूर्णतः जखडली, तर जी वाढ व्हावयाची ती होत नाही आणि तिच्या जागी नळीत दाबप्रतिबल निर्माण होते. त्याचे मूल्य यंगचा गुणांक, प्रसरणांक आणि तापमानवाढ यांच्या गुणाकाराइतके असते. पोलादाचा यंगचा गुणांक सुमारे २,००,००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरल्यास हे प्रतिबल ३६० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर येते. साध्या बांधकामी पोलादाची शरणमर्यादा, म्हणजे ज्या प्रतिबलाला ते कायमचे विरूपित होऊ लागते ती मर्यादा, सुमारे २५० असते. या सूत्रात लांबी येत नाही, ही बाब विशेष लक्षणीय आहे. नळी ४० मीटरची असो की ४ मीटरची, पूर्णतः जखडलेल्या अवस्थेत प्रतिबल तेवढेच राहते. ‘नळी आखूड आहे, तिला प्रसरणाची व्यवस्था नको’ हा समज म्हणूनच चुकीचा ठरतो.

हे प्रतिबल बलाच्या रूपात मांडल्यास त्याची तीव्रता अधिक स्पष्ट होते. सुमारे ६० मिलिमीटर बाह्य व्यास आणि ४ मिलिमीटर जाडी असलेल्या नळीच्या पोलादाचे छेदक्षेत्र जवळपास ७०० चौरस मिलिमीटर भरते. शरणमर्यादेपर्यंत पोचताना अशी नळी आपल्या टोकांवर सुमारे १८ टनांच्या भाराइतका रेटा देऊ शकते. प्रत्यक्षात लांब व सडपातळ नळी तत्पूर्वीच बाक घेते, आधारांवरून सरकते अथवा फ्लँजच्या सांध्यातील गॅस्केट चेपून टाकते. गळती दिसते ती सांध्यात. तिचे कारण मात्र अनेक मीटर दूर असलेल्या एखाद्या चुकीच्या आधारात असू शकते.

या बलाचा उपयोग करून घेण्याची कला ग्रामीण महाराष्ट्राला फार पूर्वीपासून अवगत आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढविताना लोहार ती चाकापेक्षा किंचित लहान घडवितो आणि लालभडक तापवून चाकावर बसवितो. सुमारे १.२ मीटर व्यासाची धाव ५०० अंशांनी तापली, की तिचा व्यास ७ मिलिमीटरच्या आसपास वाढतो. पाणी ओतून थंड होताच ती आकुंचन पावते आणि चाकाचे आरे व पुठ्ठे घट्ट आवळून धरते. लोहाराला जे बल हवे असते, तेच बल वाफेच्या नळीत नको असते.

२. रोजचे चक्र आणि धातूचा शिणवटा

औष्णिक विद्युत केंद्रातील किंवा साखर कारखान्यातील बॉयलर एकदा तापला, की शक्यतो अनेक दिवस तापलेलाच राहतो. त्याच्या नळ्या प्रसरण पावतात आणि त्याच अवस्थेत काम करतात. सौर उपकरणाची स्थिती याच्या उलट असते. सूर्योदयानंतर ते तापते, सूर्यास्तानंतर निवते आणि मध्येच ढग आल्यास अंशतः निवून पुन्हा तापते. वर्षातील ३०० दिवस ऊन मिळते असे मानल्यास २० वर्षांत ६,००० पूर्ण चक्रे होतात.

धातूवर एकदाच दिलेले प्रतिबल आणि हजारो वेळा दिलेले तेच प्रतिबल यांचा परिणाम सारखा नसतो. तार वारंवार एकाच जागी वाकविल्यास ती तुटते, त्याप्रमाणे वारंवार बदलणाऱ्या प्रतिबलामुळे वेल्डिंगच्या कडेला सूक्ष्म तडा जातो आणि तो हळूहळू वाढतो. यालाच धातूचा शिणवटा म्हणतात. अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्स या संस्थेच्या बी ३१.१ या नळीविषयक संहितेत दीर्घकाळ वापरात असलेल्या पद्धतीनुसार ७,००० पूर्ण तापमान-चक्रांपर्यंत अनुज्ञेय प्रतिबलाच्या व्याप्तीत कपात करावी लागत नाही. त्यापुढे चक्रांची संख्या वाढेल तशी ती व्याप्ती घटवावी लागते. रोज एक चक्र धरल्यास ७,००० चक्रांना १९ वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. नेहमीच्या कारखान्यातील नळीला ही मर्यादा क्वचितच गाठावी लागते. सौर नळीच्या आयुष्यात मात्र ती प्रत्यक्ष येऊन ठेपते.

ढगांमुळे होणाऱ्या अपूर्ण चक्रांचे काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. त्याच पद्धतीत अपूर्ण चक्राचे वजन तापमान-व्याप्तीच्या गुणोत्तराच्या पाचव्या घाताने ठरते. तापमान निम्म्या व्याप्तीने उतरले, तर ते चक्र पूर्ण चक्राच्या केवळ एक बत्तिसांश मोजले जाते. ते ८० टक्क्यांनी उतरले, तर सुमारे एक तृतीयांश मोजले जाते. याचा अर्थ असा, की ढगांच्या संख्येपेक्षा प्रत्येक वेळी उपकरण किती खोलवर निवते याला महत्त्व आहे. भरपूर पाणी असलेला वाफेचा मोठा पिंप काही मिनिटांच्या सावलीने फारसा निवत नाही. केंद्रस्थानी असलेला छोटा रिसीव्हर मात्र लवकर निवतो. परिणामी या दोहोंना जोडणाऱ्या आखूड नळ्या आणि त्यांचे वेल्ड हे शिणवट्याचे पहिले बळी ठरू शकतात.

३. शिर्डी : स्थिर केंद्राची यंत्रणा

शिर्डी येथील यंत्रणेत प्रत्येकी १६ चौरस मीटरच्या ७३ शेफलर तबकड्या बसविण्यात आल्या. त्यांचे एकूण आरसा-क्षेत्रफळ १,१६८ चौरस मीटर भरते आणि दररोज सुमारे ३,५०० किलोग्रॅम वाफ निर्माण करण्याच्या दृष्टीने यंत्रणेची आखणी झाली. सौर वाफ अपुरी पडल्यास पारंपरिक बॉयलरची वाफ वापरता यावी, अशी जोडही देण्यात आली. राजस्थानातील अबू रोड आणि आंध्र प्रदेशातील तिरुमला येथील मोठी सौर स्वयंपाकघरे याच तत्त्वावर आधारलेली आहेत.

वोल्फगांग शेफलर यांनी विकसित केलेल्या या तबकडीचे वैशिष्ट्य असे, की तिचा केंद्रबिंदू दिवसभर एकाच जागी राहतो. तबकडी पृथ्वीच्या अक्षाला समांतर असलेल्या अक्षाभोवती तासाला १५ अंशांच्या गतीने फिरते आणि केंद्रबिंदू या अक्षावरच असतो. ऋतूनुसार सूर्याची क्रांती बदलते तेव्हा तबकडीचा झोक आणि तिची वक्रता या दोहोंत फेरफार करावा लागतो. म्हणजे आरसा हलतो, परंतु तापणारा रिसीव्हर हलत नाही.

प्रसरणाच्या दृष्टीने हा मोठाच लाभ आहे. रिसीव्हर स्थिर असल्याने त्याला जोडणाऱ्या नळ्यांत फिरता सांधा अथवा लवचिक नळी घालण्याची आवश्यकता राहत नाही. रिसीव्हरांच्या ओळीवर एक आडवा पिंप असतो, त्याला हेडर म्हणतात. पाणी हेडरमधून खाली रिसीव्हरमध्ये येते आणि तेथे तयार झालेली वाफ व पाणी यांचे मिश्रण हलके झाल्याने पुन्हा वर जाते. हे अभिसरण पंपाविना चालते.

परंतु प्रश्न नाहीसा होत नाही. तो हेडरच्या लांबीत जमा होतो. हेडर तापून लांबला, की त्याला जोडलेला प्रत्येक रिसीव्हर आपल्या जागेवरून सरकू पाहतो. स्थिर आधारापासून १० मीटर अंतरावरील रिसीव्हर १५० अंशांच्या तापमानवाढीस १८ मिलिमीटर सरकतो, तर २० मीटर अंतरावरील ३६ मिलिमीटर सरकतो. केंद्रावरील प्रकाशाचा ठिपका आणि रिसीव्हरचे मुख यांची जुळणी थंड अवस्थेत अचूक केली असेल, तर तापलेल्या अवस्थेत ती बिघडते. म्हणून ओळीच्या टोकाकडील तबकड्यांची जुळणी यंत्रणा तापलेली असताना तपासणे अथवा रिसीव्हरचा आधार त्या हालचालीचा हिशोब धरून बसविणे इष्ट ठरते.

अशी यंत्रणा इमारतीच्या गच्चीवर उभारावयाची असल्यास आणखी एक मुद्दा विचारात घ्यावा लागतो. काँक्रीटचा प्रसरणांक पोलादाच्या जवळपास असला, तरी गच्चीचे तापमान नळीइतके वाढत नाही. आधार जागीच राहतात आणि नळी त्यांच्यावरून पुढे जाते. स्थिर आधाराचा रेटा कठड्यावर अथवा केवळ स्लॅबवर न देता तुळई व खांबांपर्यंत पोचविणे म्हणूनच आवश्यक असते.

४. लातूर : फिरत्या केंद्राची यंत्रणा

लातूरच्या महानंद दुग्धालयातील ‘अरुण’ तबकडी क्लिक या संस्थेने आयआयटी मुंबईच्या सहकार्याने विकसित केली. तिचे क्षेत्रफळ १६० चौरस मीटर असून ती दोन अक्षांवर सूर्याचा मागोवा घेते. येथे रिसीव्हर तबकडीलाच जोडलेला असल्याने तो तिच्यासोबत फिरतो. सूर्यकिरण नेहमी तबकडीच्या अक्षाला समांतर येत असल्याने आरशाचा आकार ऋतूनुसार बदलावा लागत नाही आणि एकवटलेल्या किरणांची तीव्रताही अधिक मिळते. त्याची किंमत नळीच्या सांध्यांना मोजावी लागते. फिरणारा रिसीव्हर आणि जमिनीवरील स्थिर नळी यांच्यामध्ये उष्णता, दाब आणि हालचाल हे तिन्ही एकाच वेळी सहन करणारा जोड आवश्यक ठरतो.

या यंत्रणेत वाफेऐवजी दाबाखालील उष्ण पाणी वापरण्याची योजना करण्यात आली. पाणी १८० अंशांना द्रवरूप राहण्यासाठी सुमारे १० बारहून अधिक दाब लागतो. येथे प्रसरणाचा एक वेगळाच पैलू पुढे येतो. नळी लांबते त्याप्रमाणे आतील पाणीही फुगते. २५ अंशांना १,००० लिटर असलेले पाणी १८० अंशांना सुमारे १,१२४ लिटर होते. पोलादी टाकी स्वतः याच तापमानवाढीत जेमतेम अर्ध्या टक्क्याने मोठी होते. उरलेल्या पाण्याला जागा मिळाली नाही, तर दाब झपाट्याने वाढतो. कारण द्रव जवळजवळ असंपीड्य असतो. म्हणून बंद परिपथात वरच्या भागी वायूची गादी असलेली प्रसरण-टाकी आणि सुरक्षा-झडप या दोन्ही अनिवार्य ठरतात. दोन झडपांच्या मध्ये पाणी अडकून राहील आणि त्यावर ऊन एकवटेल, अशी स्थिती कोणत्याही परिस्थितीत येऊ देता कामा नये.

शिर्डी आणि लातूर यांची तुलना केल्यास एक बाब स्पष्ट होते. पहिल्या रचनेत आरशाची यंत्रणा गुंतागुंतीची आणि नळी साधी असते. दुसऱ्या रचनेत आरसा तुलनेने साधा आणि नळीचा जोड गुंतागुंतीचा असतो. कोणती रचना श्रेष्ठ, हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. देखभाल करणाऱ्या व्यक्तीला कोणता भाग दुरुस्त करणे शक्य आहे, हा अधिक योग्य प्रश्न होय.

५. अधिक तापमानाची उपकरणे

वीजनिर्मितीसाठी याहून बरेच अधिक तापमान लागते आणि तेथे प्रसरणाचे परिमाण वाढते. आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने हरियाणातील ग्वाल पहाडी येथे उभारलेल्या १ मेगावॉटच्या संशोधन प्रकल्पात अन्वस्ताकार पन्हळी आरशांच्या क्षेत्रात तेल सुमारे ३९३ अंशांपर्यंत तापविण्याची योजना होती. अशा प्रकल्पांतील कृत्रिम तेल साध्या तापमानापासून ३९० अंशांपर्यंत तापताना सुमारे दीडपट आकारमान धारण करते. साहजिकच तेथील प्रसरण-टाक्या आकाराने मोठ्या असतात.

पन्हळी आरशाच्या केंद्ररेषेवर स्टेनलेस पोलादाची नळी असते आणि तिच्याभोवती निर्वात काचनळी असते. अशा एका घटकाची लांबी सुमारे ४ मीटर असते. तेल तापल्यावर पोलादी नळी सुमारे २६ मिलिमीटर लांबते. बाहेरची बोरोसिलिकेट काच मात्र बरीच थंड राहते आणि तिचा प्रसरणांकही अल्प असल्याने तिची वाढ १ मिलिमीटरच्या आतच राहते. हा सुमारे २५ मिलिमीटरचा फरक काचनळीच्या टोकाशी असलेले धातूचे चुणीदार बेलोज सामावून घेतात. ते अथवा काच-धातूचा सांधा निकामी झाला, तर निर्वात नष्ट होऊन उष्णतेची हानी वाढते.

असे अनेक घटक एकमेकांना जोडून १५० मीटर लांबीची ओळ तयार करण्याची पद्धत रूढ आहे. चालक-खांब मध्यभागी ठेवला, तर प्रत्येक बाजूस ७५ मीटर नळी राहते आणि तिचे टोक जवळपास ४८ सेंटिमीटर सरकते. म्हणून नळीचे आधार उभे ताठ न ठेवता खाली बिजागरीवर बसवितात. थंड अवस्थेत ते एका बाजूस कललेले असतात आणि तापल्यावर दुसऱ्या बाजूस कलतात. कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटात १९८४ ते १९९० या काळात उभारलेल्या सौर केंद्रांमध्ये ओळींच्या टोकांना प्रारंभी लवचिक नळ्या वापरल्या होत्या. त्यांच्या बिघाडांचा अनुभव आल्यानंतर त्यांच्या जागी गोलक-सांधे बसविण्यात आले.

प्रसरण केवळ लांबीतच होते असे नाही. आडव्या नळीत खाली पाणी आणि वर वाफ असेल, तर नळीची वरची बाजू अधिक तापू शकते. ६० मिलिमीटर व्यासाच्या पोलादी नळीत वरच्या व खालच्या कडेत ३० अंशांचा फरक राहिला, तर ४ मीटरच्या टप्प्यात तिला सुमारे १२ मिलिमीटरचा बाक येतो. केंद्ररेषा अचूक असणे जेथे अत्यावश्यक असते, तेथे एवढा बाकही कार्यक्षमता घटविण्यास पुरेसा होतो.

वितळलेल्या क्षारांच्या साठवण-टाक्यांत हाच प्रश्न आणखी मोठे रूप घेतो. ४० मीटर व्यासाची स्टेनलेस पोलादाची टाकी ५६५ अंशांपर्यंत तापली, तर तिचा तळ व्यासात सुमारे ३९ सेंटिमीटर रुंदावू पाहतो आणि पायाशी होणारे घर्षण त्याला विरोध करते. अमेरिकेतील नेवाडा राज्यातील क्रेसेंट ड्यून्स केंद्राच्या उष्ण क्षाराच्या टाकीला २०१६ मध्ये गळती लागून केंद्र अनेक महिने बंद राहिले. या घटनेनंतर टाकीचा तळ आणि पाया यांच्या परस्परसंबंधाकडे अभ्यासकांचे लक्ष विशेषत्वाने वेधले गेले.

६. जोतिबा डोंगराच्या संदर्भात विचार

पन्हाळा तालुक्यातील वाडी रत्नागिरी येथील जोतिबाचे देवस्थान कोल्हापूरच्या वायव्येस डोंगरावर वसलेले आहे. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेस लाखो भाविक येतात आणि यात्राकाळात अन्नछत्रे चालतात. अशा ठिकाणी सौर वाफेवरील स्वयंपाकघराची कल्पना स्वाभाविक वाटते. चैत्रात आकाश निरभ्र असते आणि मोठ्या गर्दीचा काळही तोच असतो. स्थानाचा अक्षांश सुमारे १६.८ अंश असल्याने शेफलर तबकडीचा अक्ष क्षितिजाशी तेवढाच कोन करून बसवावा लागेल. शिर्डीत तो सुमारे ३ अंशांनी अधिक आहे. याउलट श्रावण षष्ठीच्या यात्रेच्या वेळी डोंगर ढगांत असतो. त्या काळात इंधनावरील बॉयलरला पर्याय नाही आणि ऊन-पावसाच्या लपंडावात रिसीव्हरला वारंवार निवावे लागते.

अशा यंत्रणेत ४० मीटरचा हेडर व त्याच व्यासाची मुख्य नळी आहे, असे उदाहरणादाखल मानू. नळीचा बाह्य व्यास ६० मिलिमीटर आणि तापमानवाढ १५० अंश धरल्यास एकूण प्रसरण ७२ मिलिमीटर होते, हे वर पाहिले. आता स्थिर आधार कोठे ठेवावयाचा, हा निर्णय सर्वाधिक महत्त्वाचा ठरतो. तो एका टोकास ठेवला, तर दुसरे टोक पूर्ण ७२ मिलिमीटर सरकते. तो मध्यभागी ठेवला, तर प्रत्येक टोक ३६ मिलिमीटर सरकते.

ही हालचाल पुढील काटकोनी वळणातील उभ्या अथवा आडव्या पायाने वाकून सामावून घ्यावयाची असते. पायाच्या टोकाला वळता येत नाही असे मानल्यास लागणाऱ्या लांबीचा वर्ग हा यंगचा गुणांक, नळीचा व्यास आणि सरकण यांच्या तिप्पट गुणाकाराला अनुज्ञेय प्रतिबलाने भागून मिळतो. अनुज्ञेय प्रतिबल १५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरल्यास ७२ मिलिमीटरसाठी सुमारे ४.२ मीटर लांबीचा पाय लागतो, तर ३६ मिलिमीटरसाठी सुमारे ३ मीटर पुरतो. केवळ स्थिर आधाराची जागा बदलल्याने जागेची आणि नळीची बचत होते. डोंगरमाथ्यावरील मर्यादित जागेत हा फरक निर्णायक ठरू शकतो.

जागा त्याहूनही कमी असल्यास बेलोज बसविण्याचा विचार होतो. परंतु बेलोज नळीला लवचिक करतात, त्याचबरोबर आतील दाबाचा रेटा स्थिर आधारांवर टाकतात. ४४ चौरस सेंटिमीटर परिणामी क्षेत्रफळाच्या बेलोजवर प्रति चौरस सेंटिमीटर ८ किलोग्रॅम दाब असेल, तर हा रेटा सुमारे ३५० किलोग्रॅम होतो. १५० मिलिमीटर वर्गातील नळीसाठी तो २ टनांच्या घरात जातो. आधार दुबळे असतील, तर बेलोज नळी वाचविण्याऐवजी स्वतःच ताणले जाऊन फाटतात. वळणाचा पाय अवजड दिसतो, मात्र त्याला देखभाल जवळजवळ लागत नाही. बेलोज आटोपशीर दिसतात, मात्र त्यांना जागरूक देखरेख लागते.

स्थिर आधार, मार्गदर्शक आधार आणि सरकता आधार या तिघांचे कार्य समजण्यास जोतिबाच्या सासनकाठीचे उदाहरण उपयुक्त आहे. उंच काठीचा बुंधा एका जागी तोलून धरलेला असतो आणि वरच्या भागाला बांधलेले दोर चोहोबाजूंनी माणसे सांभाळतात. दोर धरणारे काठीला जखडून टाकत नाहीत. ते तिला झुलू देतात, परंतु कलंडू देत नाहीत. बुंधा हा स्थिर आधार आणि दोर हे मार्गदर्शक आधार होत. नळीच्या बाबतीतही एका ठिकाणी पक्के धरणे आणि इतरत्र अक्षाच्या दिशेने मोकळे सोडून आडवे जाण्यास अटकाव करणे, हेच सूत्र आहे.

या ठिकाणी पावसाळ्याचा विचार अपरिहार्य ठरतो. पन्हाळ्याच्या परिसरात पावसाळ्यात दीर्घकाळ पाऊस, धुके आणि जोराचा वारा असतो. सरकता आधार म्हणजे बहुधा पोलादी पट्टीवर टेकलेला पोलादी जोडा असतो. पावसाळ्यात यंत्रणा अनेक आठवडे थंड राहते आणि या दोन पृष्ठभागांमध्ये गंज धरतो. दसऱ्यानंतर यंत्रणा पुन्हा सुरू होते, तेव्हा तो जोडा सरकत नाही. आराखड्यात जो सरकता आधार होता, तो आता कोणाच्याही निर्णयाविना स्थिर आधार झालेला असतो. अभियंत्याने केलेले सर्व गणित त्या क्षणी गैरलागू ठरते. कागदावरील रचना एक आणि डोंगरावरील रचना दुसरीच होते. भिजलेल्या काचलोकरीच्या आवरणाखालीही नळी अशाच प्रकारे नकळत गंजत राहते.

यावर उपाय खर्चिक नाहीत. सरकत्या पृष्ठभागांमध्ये स्टेनलेस पत्रा अथवा टेफ्लॉनची चकती घालावी. थंड अवस्थेत जोडा अपेक्षित सरकणीच्या निम्म्याने उलट दिशेस बसवावा, म्हणजे तापल्यावर तो पट्टीबाहेर जाणार नाही. प्रत्येक सरकत्या आधारावर रंगाने थंड आणि उष्ण अशा दोन खुणा कराव्यात आणि पावसाळ्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात जोडा एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत जातो की नाही, हे पाहावे. तो जात नसेल, तर गळती होण्यापूर्वीच दोष सापडतो. रिकाम्या पडून तापलेल्या रिसीव्हरमध्ये थंड पाणी सोडू नये. आधी तबकडी सूर्यापासून वळवावी, रिसीव्हर निवू द्यावा आणि मगच पाणी भरावे. सकाळी सर्व तबकड्या एकदम केंद्रित न करता टप्प्याटप्प्याने केंद्रित केल्यास नळ्यांना सावकाश तापण्यास अवसर मिळतो.

निष्कर्ष

केंद्रित सौर औष्णिक यंत्रणेच्या चर्चेत आरशांचे क्षेत्रफळ, वाफेचे प्रमाण आणि इंधनाची बचत यांवर भर दिला जातो. तो योग्यही आहे. तथापि यंत्रणा १५-२० वर्षे चालणार की काही हंगामांनंतर गळतीमुळे पडून राहणार, हे बऱ्याच अंशी आधार, वळणे आणि सांधे यांवर अवलंबून असते. वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पूर्णतः जखडलेल्या नळीतील प्रतिबल तिच्या लांबीवर अवलंबून नसल्याने आखूड नळ्यांकडेही दुर्लक्ष करता येत नाही. सौर उपकरणात तापमान-चक्रे रोज होत असल्याने नेहमीच्या बॉयलरसाठी पुरेशी असलेली रचना येथे पुरेशी ठरेलच असे नाही. नळीइतकेच आतील द्रवाचे प्रसरणही हिशोबात घ्यावे लागते. स्थिर केंद्र आणि फिरते केंद्र यांतील निवड ही वस्तुतः देखभालीचा भार आरशावर टाकावा की सांध्यावर, याची निवड आहे.

महाविद्यालयीन स्तरावर भौतिकशास्त्र आणि यंत्र अभियांत्रिकी या दोन्ही विषयांच्या अध्यापनात हे प्रकरण एकत्र आणता येण्यासारखे आहे. जवळच्या दूध संघातील अथवा साखर कारखान्यातील वाफेच्या नळीवर खुणा करून थंड व उष्ण अवस्थेतील सरकण मोजणे आणि ती सूत्राने काढलेल्या उत्तराशी ताडून पाहणे, हा विद्यार्थ्यांसाठी अल्पखर्चाचा प्रकल्प होऊ शकतो. मोजलेली सरकण गणितापेक्षा कमी भरली, तर सूत्रावर शंका घेण्यापूर्वी आधार गंजला आहे काय, हे पाहावे लागेल. शेकडो भाविकांची पंगत बसलेली असताना वाफेची नळी फुटू नये, यासाठी पावसाळ्यानंतर रंगाच्या दोन खुणांमधील अंतर मोजणारी ही सवय सर्वाधिक उपयोगी पडणारी आहे.